बंबाजवळची बरणी

भावोजी,

महिना भरला म्हणून आज सकाळी गच्चीवर जाऊन बरणी उतरवली. तुमचं तेरावं परवा झालं. पाहुणे गेले, मागून आणलेल्या सतरंज्या आणि पातेली ज्याची त्याच्या घरी पोचली, आणि घरात एकाएकी करण्यासारखं काही उरलं नाही. एकदा वाटलं, या महिन्याची बरणी राहू दे तशीच टांगलेली. कोण विचारायला येणार आहे? मग तुमचंच बोलणं आठवलं, "वहिनी, महिना म्हणजे महिना. आपल्याला फुरसत नाही म्हणून हवा थांबते का?" म्हणून गेले.

गच्चीवरून किल्ला स्वच्छ दिसत होता. तट, कडा, खालची झाडी, सगळं. इतकी चांगली हवा गेल्या महिन्यात एकदाही नव्हती. मला असा राग आला की बरणी हातात धरून मी नुसती उभी राहिले. वाऱ्यावर रागावून काय होतं, मला कळतं. पण राग आला खरा. जी हवा तुम्हाला हवी होती ती आता आली, आणि आमच्यासारख्या धडधाकट छातीच्या माणसांना फुकट मिळते आहे.

इथल्या मराठी मंडळाची माणसं येऊन सांगून गेली आहेत, अंकासाठी श्रीधररावांवर काहीतरी लिहा. त्यांना तुमचं शिक्षण, नोकरी, दरबारच्या वेळची कामगिरी असं सगळं हवं आहे. ते तुमचे दादा लिहून देतील. (तुमचे दादा म्हणजे माझे यजमान, हे वाचणाऱ्यांसाठी.) मला तुमच्याविषयी लिहायचं नाही, तुमच्याशी बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि दुसऱ्या बाजूचा माणूस असा उठून गेला की भांडणाऱ्याने काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

भांडण कशावरून होतं, ते तुम्हाला पाठ आहे. इतरांसाठी सांगते. थंडी पडली की ग्वाल्हेरच्या आपल्या लश्कर भागावर सकाळी धूर बसतो. गिरण्यांचा, अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या इंजिनांचा, हलवायांच्या भट्ट्यांचा, घराघरातल्या शेगड्यांचा. ऊन चांगलं वर येईपर्यंत तो जागचा हलत नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. माझं म्हणणं असं, की या धुरात काय काय आहे आणि किती आहे ते आधी मोजा, म्हणजे कोणाला थांबवायचं ते कळेल. तुम्ही शेतकी खात्याच्या वेधशाळेत फुगे सोडून दुर्बिणीने वारा बघणारे. तुमचं म्हणणं, धूर काय उन्हाळ्यात निघत नाही? तेवढाच निघतो. पण उन्हाळ्यात जमिनीजवळची हवा तापते, वर जाते, वरची खाली येते, सगळं कालवलं जातं. थंडीत सकाळी खालची हवा गार आणि जड, तिच्यावर गरम हवेचा थर. खालची वर जातच नाही. वर झाकण बसतं आणि त्याच्याखाली आपण सगळे.

"तुम्ही पातेल्यात काय शिजून राहिलं आहे तेच बघत बसता," तुम्ही ताटावर बसून म्हणायचात. "मी विचारतो, झाकण कोणी ठेवलं?"

"आणि ते काढायला तुम्ही वर जाणार आहात वाटतं?"

"नाही जाणार. पण झाकण किती उंचीवर आहे ते पता लागलं, तर चिमणी त्याच्या वर काढता येईल न, वहिनी."

"आणि तोपर्यंत आम्ही काय खाली शिजत राहायचं?"

यावर तुमचे दादा म्हणायचे की दोघांनी मिळून आमटी गार केलीत, आता ती गरम कोण करणार, ते मोजा.

आईंना या भांडणातलं काही कळत नसे, पण त्या नेहमी तुमच्या बाजूने असायच्या. मला त्याचं वाईट वाटत नसे. लग्न होऊन साताऱ्याहून आले तेव्हा माझ्या नोकरीच्या बाजूने या घरात एकटे तुम्ही बोलला होतात. "आई, वहिनींचं डोकं काय पोळ्या लाटण्यात खर्च करायचं? मी लाटून देतो," म्हणालात आणि खरंच लाटायला बसलात. त्या वेड्यावाकड्या, तुकडे पडलेल्या पोळ्या बघून तुमचे दादा म्हणाले, "आधी या संस्थानांचं विलीनीकरण कर, मग वाढ." तेव्हा गावात दुसरा विषयच नव्हता. संस्थानी दरबार जाऊन मध्य भारत हे नवं राज्य झालं होतं आणि कोण कुठल्या खात्यात जाणार याचीच ज्याच्या त्याच्या घरी चर्चा. आई हसून हसून लाल झाल्या आणि त्या हशात माझी नोकरी मंजूर झाली. मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. दिराचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि तुम्ही मानूही दिले नसते. आज मानते.

बरणीची युक्ती माझी. पुण्याला शिकत असताना पाहिली होती. एका बरणीला मलमल गुंडाळायची, तिच्यावर शिशाचा एक तपकिरी लेप द्यायचा आणि पाऊस लागणार नाही अशा जाळीच्या पेटीत ती महिनाभर उघड्यावर टांगायची. दगडी कोळशाच्या धुरात गंधकाचा वायू असतो, तो त्या लेपात धरला जातो. महिन्याने तो लेप उतरवून, त्यातला गंधक तळाशी बसणाऱ्या पांढऱ्या साक्याच्या रूपाने वेगळा करून वजन करायचं. मी आईंच्या लोणच्याच्या दोन लहान बरण्या घेतल्या. एक कॉलेजच्या गच्चीवर टांगली, दुसरी आपल्या घराच्या. घरच्या बरणीची जागा तुम्ही निवडलीत. मागच्या कठड्याला, कारण तिथून समोर पाटणकर बाजार आहे आणि वारा मोकळा येतो.

पहिल्या हिवाळ्यात घरच्या बरणीत कॉलेजच्या बरणीपेक्षा इतका जास्त गंधक निघाला की मी वजन पुन्हा केलं. पुन्हा तेच. तुम्ही तर आनंदाने वेडे झालात. नकाशा काढलात, बाजारावर तांबडा रंग फासलात आणि मंडळात व्याख्यान दिलंत: लश्करच्या मध्यभागी धूर कसा साचतो आणि त्यात हलवायांच्या भट्ट्यांचा वाटा किती. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या हलवायाने तुम्हाला जिलबी द्यायला नकार दिला.

मग विलीनीकरणात नोकरीच्या कागदांच्या तपासणीसाठी तुम्हाला इंदूरला बोलावलं. पुरा महिना तिकडे काढलात. त्या महिन्यात घरच्या बरणीतला गंधक एकदम उतरला, कॉलेजच्या बरणीइतकाच झाला. परत आल्यावर तुम्ही कागद घेऊन बसलात. पश्चिमेचा वारा लवकर सुटला असणार, झाकण पातळ झालं असणार. मी म्हणत होते की हलवायांनी कोळसा बदलला असेल. आपण दोघं ओरडून बोलत होतो आणि आई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ती बंबाच्या डोक्यावरची बरणी ना?"

तुम्ही हातातले कागद खाली ठेवलेत.

"तू नव्हतास, तर बंब कशाला पेटवू मी? आम्ही अंघोळ चुलीवरच्या पाण्याने करून टाकतो. कोळसा काय फुकट येतो?"

कठड्याच्या खालीच आपली न्हाणी. तिथे पाणी तापवायचा, दगडी कोळशावर चालणारा तांब्याचा बंब. त्याचा धूर कठड्याला घासून वर जायचा आणि सरळ बरणीत शिरायचा. दोन शिकलेली माणसं, एक वायू ओळखणारी, एक वारा ओळखणारा, महिनोन्महिने स्वतःच्या अंघोळीचा धूर मोजत होती आणि बाजाराला दोष देत होती. तुम्ही त्याच संध्याकाळी हलवायाकडे जाऊन माफी मागितलीत. त्याने तुमच्या हातात जिलब्यांचा दोना दिला आणि तो तुम्ही वाटेतच संपवलात.

मी बरणी उतरवायला निघाले तर तुम्ही आडवे आलात. "नाही, राहू द्या तिथेच. चूक कळली न? आता तिचाच हिशेब ठेवू. शहराचा आकडा कॉलेजवरून घ्या, आणि ही आपली घरची." तेव्हापासून दर महिन्याला मी आकडा लिहायची आणि तुम्ही पुढे शेऱ्याच्या रकान्यात आपल्या तिरप्या अक्षरात लिहायचात: बंब चालू. कोणी लग्नाचं काढलं की म्हणायचात, "मुलीच्या घरी बंब कुठे आहे ते आधी विचारा."

तो बंब तुमच्यासाठी पेटायचा. गार पाणी अंगाला लागलं की तुमची छाती भरायची. लहानपणापासूनचा दमा. मी मोजमाप शास्त्रासाठी करते असं कॉलेजात सांगत असे, आणि ते खोटं नव्हतं. पण मूळ कारण पलीकडच्या खोलीत खोकत असायचं. मला एक आकडा हवा होता, जो कोणाच्यातरी टेबलावर ठेवून म्हणता येईल, हे बघा, आमच्या घरातला माणूस हे श्वासातून घेतो आहे, आता सांगा. कोणाच्या टेबलावर ठेवायचा ते शेवटपर्यंत समजलं नाही.

रोज सकाळी तुम्ही गच्चीवर जाऊन किल्ला बघायचात. किल्ल्याचा डोंगर म्हणजे तुमची फूटपट्टी. धूर किती उंचीपर्यंत भरला आहे ते त्याच्यावर बघून तुम्ही जिन्यातूनच ओरडायचात. धूर नुसता खालच्या झाडीपर्यंत असला तर "झाडी!", मधल्या कड्यापर्यंत चढला तर "कडा!", वरच्या तटापर्यंत गेला तर "तट!" मला आधी वाटायचं, झाडी म्हणजे धूर कमी. तुम्ही समजावलंत की उलटं आहे. धूर तेवढाच, जागा कमी. झाकण झाडीपर्यंत खाली आलं की सगळं शहर तेवढ्यात कोंबलेलं. मग घरात तोच शब्द रूढ झाला. "झाडी" म्हटलं की आई खिडक्या लावायच्या आणि तुमचे दादा तुमचा डबा स्वतः वेधशाळेत पोचवायचे.

त्या एका सकाळची आठवण मला सारखी येते आहे. मागच्या हिवाळ्यात कॉलेजच्या मुलींची सहल किल्ल्यावर निघाली होती. गाडी वरपर्यंत जाणार होती, म्हणून मी तुम्हालाही ओढून नेलं. निघालो तेव्हा खाली झाडी. तुम्ही मफलर नाकावर धरून, खांदे वर करून बसला होतात, दोन शब्दांच्या मधे थांबत होतात. गाडी चढ चढली आणि एका वळणावर आपण धुरातून वर आलो. तिथे ऊन होतं. तुम्ही गाडीतून उतरलात, तटाजवळ गेलात, मफलर काढलात. मी मुलींना मोजत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मला तुमच्या छातीचा आवाज येत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच येत नव्हता. खाली सबंध लश्कर धुराच्या सपाट पत्र्याखाली झाकलेलं, त्यातून नुसत्या गिरण्यांच्या चिमण्या वर आलेल्या.

"बघा वहिनी," तुम्ही एका दमात म्हणालात. "खाली तुमचं रसायन, आणि इथे वर माझं हवामान. पटलं की नाही?"

मला पटलं होतं. पण मी म्हटलं, "खालचं रसायन नसतं, तर वर यायची गरज पडली नसती." तुम्ही मोठ्याने हसलात. हसूनही तुम्हाला खोकला आला नाही. ते वाक्य तेवढं मी बोलले नसते तर बरं झालं असतं, असं नाही. आपलं बोलणं असंच असायचं. फक्त त्याबरोबर हेही सांगायला हवं होतं, की तुम्हाला मोकळा श्वास घेताना बघून मला तिथेच बसून रडावंसं वाटलं होतं.

त्या दिवशी तटाजवळ एक रिकामी जुनी चौकी दिसली. खोली लहान, पण दार-खिडकी शाबूत. तुम्ही आत जाऊन ती नीट बघून आलात. घरी आल्यावर अर्ज लिहायला बसलात: हिवाळ्यापुरतं किल्ल्यावर एक निरीक्षण केंद्र उघडावं, वर आणि खाली एकाच वेळी तापमान घेतलं की झाकणाची उंची नक्की कळेल, केंद्रावर राहण्यासाठी अर्जदार तयार आहे. शास्त्र म्हणून अर्ज पक्का होता. मी म्हटलं, दम्याचंही लिहा, डॉक्टरचा दाखला जोडा.

"नाही. वेधशाळेसाठी मागतो आहे. भीक नाही मागत."

"श्वास मागणं म्हणजे भीक का?"

"वहिनी, अर्जात श्वास नाही लिहीत कोणी."

यावरून आपण खरंच भांडलो. ते आमटीवरचं भांडण नव्हतं. तुम्ही जेवला नाहीत आणि अर्ज दाखल्याशिवाय गेला. दाखला जोडला असता तर काही झालं असतं का, हे मी स्वतःला आता रोज विचारते आहे. बहुतेक काही झालं नसतं. पुढचं सगळं पाहून तर असंच वाटतं. पण "बहुतेक" म्हणून मन कुठे गप्प बसतं?

पावसाळ्यात तुम्ही चौकशीला गेलात. बाबूंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "पंडितजी, किला अभी किसके चार्ज में है, यही तय नहीं हुआ." एक खातं म्हणे जुन्या इमारती आमच्या, पण रस्ता आमचा नाही. दुसरं म्हणे रस्ता आमचा, पण खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते पाहावं लागेल. तिसऱ्याने सांगितलं, "नया प्रदेश बन जाने दीजिए, फिर सब एक जगह हो जाएगा." दसरा गेला, आणि ऐन दिवाळीत नवं मध्य प्रदेश झालं. मध्य भारताचं सगळं दप्तर बारदानात बांधून भोपाळला रवाना झालं. त्यात तुमचा अर्जही गेला. पुन्हा विचारलं तर उत्तर आलं की ग्वाल्हेरकडून खुलासा मागवला आहे. ग्वाल्हेरला खुलासा करणारा जो बाबू, त्याचीच बदली भोपाळला झालेली.

मीही एकदा गेले, तुम्हाला न सांगता. मला कोणी हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला "बहनजी" म्हणून बसवलं, आस्थेने ऐकलं, आणि एका वयस्क बाबूंनी तर त्यांच्या स्वतःच्या सेवेचे कागदही कुठे सापडत नाहीत म्हणून मलाच उपाय विचारला. कोणावर ओरडायचं, भावोजी? तिथे एकही वाईट माणूस नव्हता. खिडकीतून किल्ला दिसत होता. मी बोट दाखवून म्हटलं, "इतकंच तर वर जायचं आहे." ते म्हणाले, "हाँ, वो तो है."

रजा घेऊन साताऱ्याला माझ्या माहेरी जा, असं तुमचे दादा तुम्हाला सांगून थकले. पण नव्या प्रदेशाच्या ज्येष्ठतेच्या याद्या लागायच्या होत्या. जो जागेवर नाही त्याचं नाव गळतं, असं सगळे म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "यादी लागू द्या, मग बघू." रोज किल्ल्यावर चालत जाऊन यायचा प्रयत्न केलात. वर पोचलं की बरं वाटायचं, पण वर पोचेपर्यंत चढणच तुमचा उरलासुरला दम काढून घ्यायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला अर्ध्या वाटेवर दगडावर बसून राहिलात आणि कोणाच्या तरी सायकलवरून परत आलात. हसत हसत सांगितलंत ते. मी हसले नाही.

या महिन्याच्या बरण्या मी टांगल्या आणि दुसऱ्याच दिवशी तुम्हाला कंपू भागातल्या अस्पतालात न्यावं लागलं. नळीतून प्राणवायू चालू होता. मी रसायन शिकवणारी, ती टाकी बघून तिच्यात काय आहे, किती आहे, किती वेळ पुरेल, सगळं सांगू शकत होते. तेवढंच करू शकत होते. मुलींना वर्गात मी सांगत आले आहे की एखादी गोष्ट मोजता आली की ती हातात येते. तुमच्या खाटेशी बसून मी ते सगळं मनातल्या मनात परत घेतलं.

शेवटच्या सकाळी तुम्ही खुणेने विचारलंत, आज काय. मी व्हरांड्यात जाऊन बघून आले. वर तटावर आणि कड्यावर ऊन पडलेलं होतं, पिवळं, स्वच्छ. त्याच्या खाली काहीच नव्हतं. झाडी नाही, समोरच्या रस्त्यापलीकडचं घरही नाही. मी परत आले आणि तुमची चादर सारखी करत बसले. तुम्ही नळी बाजूला केलीत.

"खोटं नका सांगू हं. रीडिंग आहे."

"झाडी, भावोजी. समोरचं घरही दिसत नाही."

"तरीच," तुम्ही म्हणालात. जरा वेळाने म्हणालात, "ऊन वर आलं की सुटेल."

डॉक्टरही तेच म्हणत होते, "धूप निकलने दीजिए, आराम आ जाएगा." तुमचे दादा तुमचे पाय चोळत होते. आई माळ ओढत होत्या. आणि मी परत परत व्हरांड्यात जाऊन बघत होते, झाकण निघतंय का. किती साधी गोष्ट होती! ऊन तापायला हवं होतं, जमीन तापायला हवी होती, खालची हवा उचलली जायला हवी होती. रोज होतं ते. त्या दिवशीही झालं. बघता बघता झाडी दिसली, मग समोरचं घर, त्याच्या कठड्यावर वाळत घातलेलं धोतर. मी तुम्हाला सांगायला धावत आत आले. तुमच्या दादांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा हात तुमच्या पायावर नुसता ठेवलेला होता.

इथपर्यंत लिहून मी कागद मिटून ठेवले होते. त्याला आता चार दिवस झाले. मधे कॉलेज सुरू झालं. दोन्ही बरण्यांचे लेप उतरवून प्रयोगशाळेत साका काढला, वाळवला, आज वजन केलं.

कॉलेजच्या बरणीचा आकडा गेल्या हिवाळ्यासारखाच आहे. तुम्ही असल्या-नसल्याने शहराच्या हवेत काडीचा फरक पडला नाही. घरच्या बरणीचं वजन करताना मला काय निघणार ते माहीत होतं, तरी पुन्हा केलं. तुम्हाला अस्पतालात नेलं त्या दिवसापासून आईंनी बंब पेटवलेला नाही. आम्ही अंघोळ चुलीवरच्या पाण्याने करून टाकतो.

पाडव्यानंतर आम्हालाही भोपाळला जायचं आहे. तुमच्या दादांची कचेरी कधीच गेली, आता त्यांची पाळी. बंब विकायचा की न्यायचा, विचारलं की आई भाजी निवडायला घेतात. ज्येष्ठतेची यादी लागली. तुमचं नाव आहे तिच्यात, बऱ्यापैकी वर. तुमच्या दादांनी ती मला दाखवली आणि घडी घालून खिशात ठेवली.

संध्याकाळी मी आकडे लिहायला बसले. कॉलेजचा लिहिला. त्याच्याखाली घरचा लिहिला. पुढे शेऱ्याचा रकाना आला आणि मी थांबले. तो रकाना मी कधी भरलेला नाही. तुमचे दादा मागे येऊन उभे होते, मला कळलं नाही. हवा मोजून कोणाचं भलं झालंय, असं नेहमी म्हणणारा माणूस. त्यांनी विचारलं, "इथे श्रीधर काय लिहायचा?"

"बंब चालू," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातली लेखणी घेतली आणि कचेरीतल्या त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं: बंब बंद. मग खाली वाकून दोन्ही आकडे एकाखाली एक बराच वेळ बघत राहिले.

"दोन्ही सारखेच आलेत की."

"हो."

"म्हणजे घरच्या बरणीचं आता बरोबर आलं?"

"हो," मी म्हटलं. "आता बरोबर आलं."